फर्नांडिस, अय्यरबाई आणि शेटे सर

शेटे सरांना मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे माझा आवाज मऊ वाटला तर ती माफी समजू नका, नुसती सवय आहे. तीन वर्षं एका खोलीत समोरासमोर टेबलं टाकून बसलेल्या माणसाबद्दल बोलताना थोडं मऊ व्हायला होतंच.

खोली न्यू जर्सीत आयसेलिनला होती, ओक ट्री रोडवर, साड्यांच्या एका दुकानाच्या वर. खाली लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायकांचा गलका, वर आम्ही. आमची कन्सल्टन्सी होती. भारतातून इथे शिकायला आलेली मुलंमुली डिग्री हातात पडली की आमच्याकडे यायची. आम्ही त्यांना आमच्या कंपनीत घ्यायचो, व्हिसा करून द्यायचो आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रोजेक्टवर पाठवायचो. कागदोपत्री नोकरी आमची, काम दुसरीकडे. अडचण एकच होती. कॉलेजातून कालपरवा बाहेर पडलेल्या पोराला प्रोजेक्टवर कोणी घेत नाही, प्रत्येकाला अनुभवी माणूस हवा असतो. तो अनुभव आमच्या ऑफिसात तयार व्हायचा आणि तो शेटे सर तयार करायचे.

मी तिथे एच.आर. म्हणून लागले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, दोन वर्षं घरात बसून कंटाळलेली, कामाचा परवाना नुकताच हातात आलेला. नोकरी मिळतेय यातच मी हरखले होते. पहिल्या दिवशी पाहते तर पन्नाशीचे एक गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेले, खिडकीपाशी उभे राहून हातातलं पत्र मोठ्याने वाचत होते. शाळेत धडा वाचतात तसं, स्वल्पविरामाला थांबून. वाचून झाल्यावर त्यांनी खिशातून कंगवा काढला, केस नीट विंचरले, टेबलाशी बसले आणि तीन पेनांतलं एक उचलून सही केली. सही डावीकडे कललेली, निळ्या शाईतली.

"हे फर्नांडिस," मला म्हणाले. "बंगळूरचे. स्वभाव जरा तुसडा, तोंडावर कौतुक करायचे नाहीत. पण माणसाची पारख आहे."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"मीच केलेत की ते."

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. तासाभरात कळलं, थट्टा नव्हती. भारतातल्या दोन बंद पडलेल्या कंपन्यांची लेटरहेड आमच्या मालकांनी कुठून तरी मिळवली होती, त्यांवर मुलांच्या अनुभवाची पत्रं निघायची. एका कंपनीचे मॅनेजर फर्नांडिस, दुसरीच्या अय्यरबाई. दोघंही शेटे सरांच्या डोक्यात राहायचे. फर्नांडिस एकटा माणूस, कामात चोख, पत्र पाच ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही. अय्यरबाई चेन्नईच्या, नातवंडं झालेली बाई, पोरांना सांभाळून घेणारी, तिचं पत्र ऐसपैस असायचं. बाईंची सही गोल होती आणि काळ्या शाईत. आमच्याकडे आलेला मुलगा जरा गप्प गप्प दिसला की सर म्हणायचे, "हा अय्यरबाईंकडे चालेल. फर्नांडिस खाऊन टाकेल याला."

एकदा मालक वर आले. एका पोराचं काम अडलं होतं. मालक म्हणाले, "सर, अय्यरबाईंना जरा जोरदार लिहायला सांगा. लिहा, असा इंजिनियर मी आयुष्यात पाहिला नाही."

"अय्यरबाई असं लिहिणार नाहीत," सर म्हणाले.

"अहो सर, अय्यरबाई आहे कुठे?"

"नसली तरी तिचा स्वभाव आहे."

मालकांनी कपाळाला हात लावला आणि जिना उतरून गेले. मी मात्र पोट धरून हसले होते. ते हसणं आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. पण तेव्हा हसले होते, खोटं कशाला सांगू!

शेटे सर बार्शीचे. तिथल्या कॉलेजात वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, नर्स. अमेरिकेत नर्सेस हव्या होत्या, काकूंना बोलावणं आलं, आणि सर बायकोबरोबर आले. येताना त्यांना वाटलं होतं, इंग्रजीच्या देशात चाललोय, इंग्रजीच्या मास्तराला काय तोटा! इथे आल्यावर कळलं की त्यांचं इंग्रजी इथे कोणाला समजतच नाही. एका शाळेत मुलाखतीला गेले तर समोरच्या बाईने तीनदा विचारलं, "सॉरी?" चौथ्यांदा तिने नुसतीच मान हलवली. मग सर सात वर्षं पेट्रोल पंपावर होते. न्यू जर्सीत आपलं आपण पेट्रोल भरायचं नसतं, त्याला माणूस लागतो, तो माणूस शेटे सर. जानेवारीत बोटं बधिर व्हायची. गाडीतून कोणी दादागिरीने बोलला की मनातल्या मनात त्याच्या वाक्यातल्या चुका काढायचे.

"तोंडाने बोललो की बार्शी ऐकू येते यांना," सर म्हणायचे. "कागदाला उच्चार नसतो. कागदावर मी कोणाच्या बापाला ऐकत नाही."

ते खरंच होतं. मोठमोठ्या कंपन्यांचे अमेरिकन अधिकारी फर्नांडिसचं इंग्रजी वाचून त्याच्या शब्दावर माणसं घ्यायचे. ज्या माणसाला तीनदा 'सॉरी' म्हणून परत पाठवलं होतं, त्याचीच पत्रं ती. सरांना याची फार मजा वाटायची. मला वाटतं, त्या मजेसाठीच ते निम्मं काम करायचे.

त्यांच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश असायचा, खाकी कव्हर घातलेला. दुपारी डबा खाताना तो उघडा. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी, बोटं तेलकट, म्हणून पान चमच्याच्या दांड्याने उलटायचे. एक दिवस मी चिडून बोलले, "सर, आपण करतो ती सरळ सरळ लबाडी आहे. कधी तरी पकडले जाऊ." तेव्हा त्यांनी मला नेव्ह हा शब्द सांगितला.

"लबाड माणसाला जुन्या इंग्रजीत नेव्ह म्हणायचे," सर म्हणाले. "आता कोण वापरतंय म्हणा! पण मुळात या शब्दाचा अर्थ काय होता, सांग."

"चोर?"

"मुलगा. नुसता मुलगा. बाई बाळंत झाली आणि मुलगा झाला तर म्हणायचे, नेव्ह झाला. पेढे वाटायचा शब्द होता तो. मग घरोघरी कामाला पोरं ठेवायला लागले, तर नेव्ह म्हणजे कामाला ठेवलेला पोरगा. मग वयाने मोठा झाला तरी नोकर तो नेव्हच. आणि मग एक दिवस नेव्ह म्हणजे लबाड."

"असं कसं होईल?"

"मालकाने केलं! भांडी मोजायचा मालक, कमी भरलं की बोंब मारायचा मालक. नोकर म्हणजे चोर असणारच, हे त्यानेच ठरवलं. शब्द आपल्या पायाने खाली उतरत नाही, बाई. वरचे त्याला ढकलतात." मग चमचा बाजूला ठेवून म्हणाले, "चौथा अर्थ पत्त्यातला. आपला गुलाम. राजा-राणीच्या खालचा. तो हातात आला की माणूस खूश होतो आणि पहिली संधी मिळाली की टाकून देतो."

"आणि तुम्ही यातले कोण?"

"मी क्रमाने सगळे झालो. बार्शीला मुलगा, पंपावर नोकर. आता तिसरा अर्थ चालू आहे."

हे सगळं छान वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं होतं. घरी जाऊन मी नवऱ्याला अगदी रंगवून सांगितलं. नवरा म्हणाला, "म्हणजे चोरी करायची आणि वर व्याकरण शिकवायचं." मी त्याच्यावर उखडले होते. आता वाटतं, त्याचंच बरोबर होतं.

शेटे काकूंना हे काम अजिबात पसंत नव्हतं. ऑफिसचा जिना त्या कधी चढल्या नाहीत. सरांना न्यायला आल्या तरी गाडीत बसून राहायच्या, हॉर्नसुद्धा वाजवायच्या नाहीत. एकदा त्यांच्याकडे पिस्कॅटवेला जेवायला गेलो होतो. काकूंना हॉस्पिटलात रजेचा अर्ज द्यायचा होता आणि त्या टेबलाशी बसून स्वतः लिहीत होत्या, एका एका शब्दाला अडत. मी म्हटलं, "काकू, घरात एवढे इंग्रजीचे सर, आणि तुम्ही कशाला त्रास घेता?"

"यांनी लिहिलेलं मला नको," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे जे औषध दिलं तेच लिहायचं असतं. दिलं नाही ते लिहिलं तर माणूस मरतं."

सर ताटावर बसले होते. हसून म्हणाले, "ऐकलंस? फर्नांडिसला मी बोलू शकतो, हिला नाही." काकू हसल्या नाहीत. आमटी वाढून आत गेल्या.

रश्मी आमच्याकडे आली ती माझ्या दुसऱ्या वर्षी. नागपूरची, पिस्कॅटवेला एम.एस. केलेली, दोन वेण्या घातल्या तर शाळेतली वाटेल अशी. एका पानाचा बायोडेटा घेऊन आली, त्यात जे होतं ते सगळं खरं. सरांनी तिला तासभर प्रश्न विचारले, आणि दर उत्तराला त्यांचा चेहरा उजळत गेला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ही खरी आहे गं! हिला येतंय!" म्हणजे बाकीच्यांना येत नसे, हे ओघानेच आलं.

मग तिला सांगितलं की अनुभव तीन वर्षांचा लिहावा लागेल. रश्मी म्हणाली, "पण सर, मी तर सरळ कॉलेजातून आलीय ना."

"माहीत आहे."

"मग हे खोटं नाही का होणार?"

सरांनी तिला समजावलं. काम येतं की नाही ते महत्त्वाचं, कागद नुसता दार उघडण्यापुरता. दार उघडत नाही म्हणून लायक माणसाने पायरीवर बसून राहायचं का? तोच नेव्ह शब्द तिलाही सांगितला, तीच ती वरच्यांनी ढकलल्याची गोष्ट. रश्मी रडली. डोळे पुसून म्हणाली, "पप्पांना कळलं तर बोलणार नाहीत माझ्याशी." व्हिसाची मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "अगं, सगळेच करतात." हे वाक्य माझं, सरांचं नाही. नंतर तीन वर्षांचा अनुभव लिहिलेला अर्ज तिने वाचून पाहिला, समजून घेतला आणि त्यावर सही केली. सोबत जोडायचं अनुभवाचं पत्र टाइप मी केलं.

पत्रावर सही फर्नांडिसची. आणि त्यात सरांनी ते वाक्य घातलं. इंग्रजीतलं ते वाक्य मला आजही तोंडपाठ आहे, मराठीत त्याचा भाव असा: हिच्या हातात एखादं काम दिलं की त्या कामाची काळजी करणं मी सोडून द्यायचो. फर्नांडिससारखा तुसडा माणूस असं लिहितो म्हणजे काय! सरांचा त्या वाक्यावर भारी जीव. ते सगळ्यांना मिळायचं नाही. बाकीच्यांची पत्रं ठरावीक साच्यातली, मेहनती आहे, वेळेवर येतो, वगैरे. जो मुलगा, जी मुलगी सरांना मनापासून आवडेल, खरोखर हुशार वाटेल, त्यालाच, तिलाच ते वाक्य. कधी फर्नांडिसच्या तोंडी, एखाद्या वेळी मोह आवरला नाही म्हणून अय्यरबाईंच्या तोंडी. मी असताना सहाजणांना मिळालं. पुढे एकूण नऊ झाले.

मी म्हटलं होतं त्यांना, "सर, दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत एकच वाक्य कसं?"

"कोण दोन पत्रं शेजारी ठेवून वाचतंय?" सर म्हणाले.

वर्षभराने मी ती नोकरी सोडली. तत्त्वबित्त्व काही नाही, दुसरी चांगली मिळाली. पण पुढे मी लोकांना सांगायला लागले की मी वेळीच बाहेर पडले, मला ते पटत नव्हतं. सांगून सांगून माझाही त्यावर विश्वास बसला.

रश्मीशी मात्र संबंध राहिला. एका हॉस्पिटलाची सगळी कॉम्प्युटर यंत्रणा ती सांभाळायची. आठ वर्षं एकाच ठिकाणी टिकली, तिथले लोक तिच्यावाचून पाणी पीत नसत. निखिलशी लग्न झालं, इरा झाली, ग्रीन कार्डच्या रांगेत नाव लागलं. घरी गेलं की इरा मला इंग्रजीत सांगायची, "मम्मा इज फिक्सिंग द हॉस्पिटल." दर दिवाळीला रश्मी सरांना फोन करायची. मला म्हणायची, "ताई, काहीही म्हणा, त्यांच्यामुळे उभी राहिले."

मग तिचे वडील गेले. अचानक, हृदयविकाराने. रश्मी मिळेल त्या विमानाने नागपूरला गेली, इराला इथेच निखिलजवळ ठेवून, पंधरा दिवसांत परत यायचं म्हणून. परत यायचं तर पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घ्यावा लागतो, त्यासाठी मुंबईच्या वकिलातीत गेली. खिडकीतल्या अधिकाऱ्याने तिच्यापुढे दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवली. एक तिचं, फर्नांडिसचं. दुसरं दुसऱ्याच कोणाचं, अय्यरबाईंचं. दोन्हींत एकच ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली.

साच्यातली शंभर पत्रं कोणाच्या डोळ्यात भरली नव्हती. सरांनी ज्यांना जीव लावला तेच नऊजण सापडले. हे मला निखिलने फोनवर सांगितलं. मी खुर्ची ओढून बसले.

मालकांवर चौकशी लागली. ते त्याआधीच दुबईला गेले होते, ते परत आलेच नाहीत. मागे उरले शेटे सर. त्यांना शपथेवर जबाब द्यायला बोलावणं आलं. नऊ नावांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: पत्र खोटं आहे हे त्या माणसाला माहीत होतं का? निखिलच्या वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं. माहीत नव्हतं असं ठरलं, कंपनीने परस्पर केलं असं ठरलं, तर रश्मीला परत यायची आशा आहे. माहीत होतं असं ठरलं तर तिला या देशाचं दार कायमचं बंद.

निखिल आणि मी पिस्कॅटवेला सरांकडे गेलो. इराला कुठे ठेवायचं, म्हणून तीही होती, बाहेरच्या खोलीत टी.व्ही.समोर. सर म्हातारे झाले होते. केस विंचरलेले नव्हते.

निखिल मुंबईचा मुलगा, एरवी मोजकं बोलणारा. त्या दिवशी त्याने सरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "सर, एवढी पत्रं लिहिलीत. अजून एक वाक्य बोला फक्त. तिला माहीत नव्हतं. दॅट्स इट. इरा रोज विचारते, मी काय सांगू तिला?"

सरांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते माझ्या नावाने विचारणार आहेत रे. फर्नांडिसच्या नावाने नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे, मला दोन दिवस दे."

मी निघताना स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्याशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"काय सांगू? खोटं बोला म्हणून?" काकू माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "इतकी वर्षं सांगत होते, खोटं लिहू नका. तेव्हा तुम्ही सगळे हसलात. आता त्यांनी माझं ऐकलं तर तुम्हाला चालत नाही." मग पदराने डोळे पुसले. "त्या पोरीसाठी माझाही जीव तुटतोय. मला काही विचारू नका."

सर जबाबाला गेले. नऊ नावं होती, नऊ वेळा विचारलं, नऊ वेळा त्यांनी जे घडलं होतं ते सांगितलं. कोण न वाचता सही करून गेला, कोणी हसत केली. रश्मीचं नाव आलं तेव्हा म्हणाले, तिने आधी नकार दिला, ती रडली, मी तिला समजावलं, मग तिने वाचून, समजून सही केली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ती रडली तेव्हा मी त्या खोलीत होते, मला माहीत आहे, तसंच घडलं होतं. पाणी मी दिलं होतं, तेवढं फक्त त्यांनी सांगितलं नाही.

महिन्याभरात मुंबईहून रश्मीला पत्र आलं. कायमची बंदी.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू! त्याच संध्याकाळी मी सरांना फोन लावला. "आयुष्यभर खोटं लिहिलंत," मी ओरडले, "आणि खरं बोलायला तुम्हाला हाच मुहूर्त सापडला? ही एकच पोरगी सापडली?"

"शपथ होती," सर म्हणाले.

"शपथ! का तुमच्या वकिलाने सांगितलं, खरं बोललात तर जेल टळेल?"

 सर म्हणाले, "दोन्ही होतं. त्यातलं किती कशासाठी, ते मलाच कळेना. मी पुष्कळ शोधलं."

सरांना जेल झाली नाही. हे मी नोंदवून ठेवते. बाकी अर्थ ज्याचा त्याने लावावा. मी खूप दिवस विचार केला की हा माणूस लबाड कधी होता. पोरांसाठी खोटं लिहीत होता तेव्हा, की स्वतःच्या नावाने खरं बोलला तेव्हा? त्यांच्या त्या खाकी कव्हरच्या शब्दकोशात याला शब्द असेल तर मला ठाऊक नाही.

शेवटचं पाहिलं ते नेवार्कच्या विमानतळावर. निखिल घर आवरून, नोकरी सोडून इराला घेऊन कायमचा नागपूरला निघाला होता. चार मोठ्या बॅगा, इराच्या पाठीवर तिची छोटी सॅक. मी पोचवायला गेले होते. बॅगांचं वजन चाललं होतं, तेवढ्यात पाहिलं तर खांबापाशी शेटे सर. तोच अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात पाकीट. बसने आले होते म्हणे, दोन बस बदलून.

निखिलने पाहिलं आणि पाठ फिरवली. इरा मला म्हणाली, "हू इज दॅट आजोबा? इज ही कमिंग विथ अस?"

"नाही," मी म्हटलं आणि तिला निखिलकडे पाठवून सरांकडे गेले. भांडायलाच गेले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही, पाकीट पुढे केलं.

"रश्मीचा परवा फोन आला होता," म्हणाले. "नागपूरला एका कंपनीत तिला घेताहेत. अनुभवाचं पत्र मागतात. आठ वर्षं ती कागदोपत्री आपल्याकडे होती, हॉस्पिटलात नव्हे. हॉस्पिटल म्हणतं, आमचा संबंध नाही, तुमच्या कंपनीकडे मागा. कंपनी तर राहिली नाही. म्हणाली, 'सर, आठ वर्षं मी खरंच काम केलंय. कोणी तरी लिहून द्या.'"

"तुम्हाला शिव्या नाही दिल्या तिने?"

"दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी पत्र उघडलं. उभ्या उभ्या वाचलं. आठ वर्षांत तिने काय काय केलं ते सगळं होतं, एकेक यंत्रणा, एकेक वर्ष. कुठे फुशारकी नाही, कुठे एक शब्द जास्तीचा नाही. मी ते दोनदा वाचलं. खोटं काही सापडलं नाही. खाली सहीची जागा मोकळी होती.

"सही राहिलीय," मी म्हटलं.

"माझं नाव आता कुठेही टाकलं तरी तिच्यावर उलटेल. कोणीही इंटरनेटवर शोधलं की पहिलं हे प्रकरणच येतं." त्यांनी खिशातून पेन काढलं. "तू कर. तू एच.आर. होतीस. तुझ्या नावाला अजून काही झालेलं नाही."

"सर, मी सात वर्षांपूर्वी सोडली कंपनी. ती काम करत होती तेव्हा मी तिथे नव्हतेच बहुतेक."

"पत्र खरं आहे," सर म्हणाले.

निखिल लांबून हात करत होता. बॅगा गेल्या होत्या, त्यांना आत जायचं होतं. इरा बाबाचा हात धरून एका पायावर उड्या मारत होती. मी पत्र खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, रश्मीच्या आठव्या वर्षाची, कंपनी चालू होती तेव्हाची तारीख घातली आणि सही केली. खाली लिहिलं, एच.आर.

सर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"मॅनेजर लिही पुढे," हळूच म्हणाले. "बरं दिसेल."

मी लिहिलं.